चाकणच्या बाजारात एक बारीक शिट्टी

मिनल निघोज्याच्या अंगणवाडीत ताट बडवत होती आणि भिंतीपलीकडच्या खोलीत एक माणूस झोपायचा प्रयत्न करत होता. दोघांची ओळख झाली ती अशी.

मिनल चिंचवडच्या एका संस्थेत कानांची तपासणी करायची. गावोगावची लहान मुलं तपासायची, एखाद्याला कमी ऐकू येतंय असं वाटलं की पुढच्या तपासण्या घडवून आणायच्या आणि कानाचं मशीन मिळेपर्यंत त्या घराचा पिच्छा सोडायचा नाही, हे तिचं काम. त्या सकाळी अंगणवाडीच्या जयमालाताई एकेका पोराला सतरंजीवर बसवत होत्या. पोर खेळात गुंतलं की मिनल हळूच मागून खुळखुळा वाजवायची. पोर वळलं की झालं, पुढचं पोर.

सगळी वळली. लाल झबल्यातली एक तेवढी वळली नाही.

ती ठोकळ्यावर ठोकळा रचत होती. खुळखुळा झाला, घंटी झाली, वाटीवर चमचा झाला. तिची मान हलली नाही. शेवटी मिनलनं खिचडीचं मोठं ताट मागून घेतलं आणि त्यावर पळीनं दणादण ठोके घातले.

"ओ मॅडम," दारातून आवाज आला, "कुणाचं लग्न आहे का आत? नाईट करून आलोय. झोपू द्या की जरा माणसाला."

दारात एक उंच तरुण उभा होता. केस उभे, एका गालावर उशीची घडी उमटलेली, घाईत चढवलेल्या शर्टाची बटणं भलत्याच काजांत. त्याच्या आवाजानं सगळी पोरं दचकून त्याच्याकडे बघायला लागली. एकानं तर रडायला ओठही काढला. लाल झबल्यानं मात्र आणखी एक ठोकळा वर चढवला.

मिनलनं त्याच्याकडे बघितलं, मग त्या मुलीकडे. त्याची नजरही तिच्या नजरेमागून गेली.

"ती आमची इंदू," तो म्हणाला. राग कुठल्या कुठं गेला होता. "इंद्रायणी. माझ्या भावाची मुलगी."

"हाक मारा बरं तिला. तिथूनच."

"इंदू... ए इंदे."

ठोकळा घसरून पडला. इंदूनं तो शांतपणे उचलला.

"घरी हाक मारली की येते का?"

"येते की. कामावरून आलो की पळत येते. मी दारात दिसलो की..." तो थांबला. "दिसलो की येते," तो पुन्हा म्हणाला, अगदी हळू, आणि उंबऱ्यावरच बसला.

जयमालाताईंनी निरोप धाडला तशी इंदूची आई रुपाली धावत आली. मिनल सांगत गेली तसे तिचे डोळे भरून आले. पण ते रडणं नुसतं दुःखाचं नव्हतं.

"मी केव्हापासून म्हणतेय, ताई. हिचे बाबा म्हणतात, आमच्यात मुलं उशिराच बोलतात. सासूबाई म्हणतात, तुला उगीच शंका. मला वाटायला लागलं होतं, मीच वेडी आहे की काय..."

"तुम्ही वेड्या नाही," मिनल म्हणाली. "सगळ्यात आधी तुम्हालाच कळलं होतं."

"व्हय गं माय," जयमालाताई म्हणाल्या, "आईला कळतंच. आमी ऐकत न्हाई, ही आमची खोड."

त्या तरुणाचं नाव गणराज. परभणीकडचे हे दोघे भाऊ चाकणच्या कंपन्यांमध्ये कामाला होते आणि अंगणवाडीला लागून असलेल्या खोल्यांमध्ये राहत होते.

•

पुढची तपासणी चिंचवडला होती. मूल गाढ झोपलेलं असताना डोक्याला तारा लावून करायची. म्हणजे इंदूला सकाळभर जागं ठेवायचं आणि संस्थेत आल्यावर झोपवायचं. इंदूचे बाबा फर्स्ट शिफ्टला असल्यामुळे रुपालीबरोबर गणराज आला. बसमध्ये इंदूला डुलकी लागू न देण्याची जबाबदारी त्यानं मोठ्या हौसेनं घेतली होती.

मिनल दारात आली आणि बघते तर बाकावर गणराज भिंतीला डोकं टेकून गाढ झोपलेला, आणि इंदू त्याच्या मांडीवर बसून टक्क डोळ्यांनी त्याच्या मिशीशी खेळतेय.

"बसभर हाच प्रकार," रुपाली पदर तोंडाला लावून म्हणाली. "भाऊजी झोपायचे, ही त्यांना उठवायची."

"तपासणी कुणाची करू मग?" मिनल म्हणाली.

गणराजनं एक डोळा उघडला. "माझीच करा, मॅडम. मला तुमचं ताट अजून ऐकू येतंय."

मिनल हसली आणि हसू लपवायला तिनं खाली बघितलं. ही तिची जुनी सवय.

इंदू झोपली, तपासणी झाली. दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येत होतं. पण मशीन लावलं तर बोलणं तिच्यापर्यंत पोचेल अशी चांगली आशा होती, आणि वय लहान होतं. मशीनची सोय संस्था करणार होती. मिनलनं हे सगळं दोनदा समजावून सांगितलं. रुपालीनं ऐकलं आणि एक लांब श्वास सोडला. कितीतरी महिने तो श्वास छातीत अडकला होता, असं वाटावं इतका लांब.

मग कानाचा साचा घ्यायचा होता. कानात गुलाबी लगदा भरायचा, तो घट्ट होईपर्यंत थांबायचं. इंदू लगदा बघूनच किंचाळली.

"आधी माझ्या कानात भरा," गणराज म्हणाला. "काकाला काही होत नाही बघितलं की ती बसेल."

मिनल त्याच्या बाजूला उभी राहिली. एक कान झाला, मग दुसरा. इतक्या जवळून तिला त्याच्या मानेवरचा जुना भाजल्याचा डाग दिसला, आणि साबणाचा वास आला. तो डोळे मिटून अगदी शहाण्या मुलासारखा बसला होता. आता त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. स्वतःचा आवाज किती मोठा निघतोय, हेही नाही.

"मॅडम," तो सबंध खोलीला ऐकू जाईल असं ओरडला, "तुमच्या हाताला सोनचाफ्याचा वास येतो. फार छान आहे."

बाहेर बसलेल्या आया खुदकन हसल्या. मिनलच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सकाळी देवाला फुलं वाहूनच ती निघाली होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं. तो गोंधळून बघत राहिला, आणि इंदू मात्र काकाचे गुलाबी कान बघून इतकी खूश झाली की आपला कान तिनं स्वतःच पुढं केला.

•

मशीन बसवलं त्या दिवशी रुपालीनं लेकीला मागून हाक मारली. "इंदू."

इंदूचे हात थांबले. तिनं छताकडे बघितलं, मग मिनलकडे, आणि मग तोंड वाकडं करून मोठ्यानं रडायला लागली. स्वतःचं रडणं ऐकून आणखीच घाबरली. रुपालीनं तिला छातीशी धरलं आणि तीही रडू लागली.

"रडू द्या," मिनल म्हणाली. "आजवर तिचं जग मुकं होतं. एवढा आवाज सोसायला तिला वेळ लागेल. पण नुसतं मशीन घालून भागणार नाही हं. दिवसभर तिच्याशी बोलायचं. जे कराल ते सांगायचं. भाकरी थापते, पाणी ओतते, दार लावते..."

"आमच्या घरात बोलतं कोण," गणराज म्हणाला. "एक शिफ्टला जातो, एक शिफ्टवरून येतो. जेवलास का, जेवलो. संपलं."

"मग आता शिका."

तो शिकला. मिनल निघोज्याला इंदूला बघायला जायची तेव्हा तो बरोबर जागा असायचा. नाईट असो, ओव्हरटाइम असो. इंदूला पुढ्यात घेऊन बसायचा आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचा.

"इंदू, ही कोण? ही मिनल. मिनल आली. मिनल चहा पिते. चहा गोड झालाय, पण मिनल काही म्हणत नाही..."

"मिनलमावशी म्हणा. आणि वाक्यं छोटी ठेवा."

"मिनल छान आहे." त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही. "हे छोटं आहे ना?"

"गणराज..."

"आणि तिला मावशी शिकवायला नको."

"का?"

"नंतर बदलावं लागलं तर तिचा गोंधळ होईल."

मिनलला त्याचा अर्थ लागला तो बसस्टॉपवर पोचल्यावर. ती तिथं एकटीच उभी राहून हसली, आणि समोरून गेलेली तिची बस तिला दिसलीच नाही.

•

दिवाळी झाली. थंडी पडायला लागली. एक दिवस मिनलनं इंदूच्या चौकशीला फोन केला, तेव्हा रुपाली म्हणाली, "इंदू बरी आहे, ताई. भाऊजी गावी गेलेत. सासूबाईंनी जिंतूरची मुलगी बघितलीय त्यांच्यासाठी..."

"हो का? छान," मिनल म्हणाली.

फोन ठेवला आणि ती पुढच्या मुलाला तपासायला बसली. खुळखुळा वाजवला. मूल वळलं. मिनल तशीच बघत राहिली. मुलाची आई काळजीनं म्हणाली, "काय झालं, मॅडम? ऐकू येतंय ना त्याला?"

"येतंय, येतंय. अगदी नीट येतंय."

त्यानं काही वचन दिलं होतं का? नाही. तिनं काही विचारलं होतं का? तेही नाही. दोन-चार गमतीची वाक्यं, चहा, आणि मानेवरचा एक डाग. एवढ्यावर माणसानं किती उभारायचं... असं ती स्वतःला समजावत होती. गणराजचा फोन आला तेव्हा तिनं तो वाजू दिला. पुन्हा आला, पुन्हा वाजू दिला. दिवसभर लोकांना बोलतं करणाऱ्या मिनलला स्वतः मात्र 'हॅलो' म्हणायची हिंमत होत नव्हती.

त्या शनिवारी ती चाकणला एका शाळेत तपासणीला आली होती. दुपारी आवराआवर चालली होती तोच रुपालीचा फोन आला. नुसते हुंदके.

"ताई, मशीन हरवलं. बाजारात... उजव्या कानाचं. सगळीकडे शोधलं. आता काय करू..."

"इंदू जवळ आहे ना? मग रडू नका. आहात तिथंच थांबा. मी आले."

शनिवारचा बाजार ऐन भरात होता. कांद्याच्या ढिगांमधून, कोथिंबिरीच्या जुड्यांमधून वाट काढत मिनल पोचली. रुपाली इंदूला कडेवर घेऊन उभी होती. गणराज गुडघ्यांवर बसून पाल्याचा कचरा चाळत होता. मिनलला बघून तो उठला आणि त्यानं मातीचे हात पँटला पुसले. त्याच्या मागं, जमिनीवर ठेवलेल्या दोन मोठ्या पिशव्यांपाशी, नऊवारी नेसलेली एक म्हातारी डोक्याला हात लावून बसली होती. ही त्याची आई, सोजरबाई. परवाच गावाहून आली होती.

"माझंच चुकलं," म्हातारी कुणाकडेही न बघता म्हणाली. "लोक बघायलेत म्हणून मी टोपी बांधली लेकराला. मशीन झबल्याला अडकवायची ती दोरी बी काढून ठेवली. मग ऊन लागायलं म्हणून टोपी काढली... तिच्यासंग गेलं असंल ते. लेकराला आत्ता कुठं ऐकू यायलं होतं, आन मीच..."

गणराजचा जबडा आवळलेला होता. तो आईला काही बोलणार, तेवढ्यात मिनल म्हणाली, "आजी, टोपी काढली तेव्हा मशीन चालू होतं ना?"

"चालूच होतं," रुपाली म्हणाली.

"मग ते शिट्टी मारत असणार. कानाबाहेर पडून कशाखाली दबलं की बारीक शिट्टी वाजते त्याची. ऐकू यायला हवी. पण..." तिनं चारी बाजूंना बघितलं. समोरचा लसूणवाला गाडीवर भोंगा लावून बसला होता. भोंग्यातून टेप केलेला आवाज एकसारखा ओरडत होता. त्याच्या पलीकडे टोमॅटोवाला, पलीकडे मिरचीवाली.

गणराज सरळ लसूणवाल्याकडे गेला. "भाऊ, जरा भोंगा बंद करता का? लहान मुलीचं कानाचं मशीन पडलंय. त्याचा आवाज ऐकायचाय."

लसूणवाल्यानं इंदूकडे बघितलं आणि भोंगा बंद केला. मिरचीवालीनं हात वर करून टोमॅटोवाल्याला गप्प केलं, त्यानं पलीकडच्याला. आवाज ओळीनं मावळत गेला. सगळा बाजार काही थांबला नाही, पण तेवढा एक कोपरा शांत झाला. ज्यांना काय झालंय ते ठाऊक नव्हतं, तेही उगीच श्वास धरून उभे राहिले.

मिनलनं कान दिला. काही नाही. दूरचा हॉर्न. कोंबडीचा आवाज.

गणराजनंही नकारार्थी मान हलवली. कंपनीतल्या प्रेस मशीनच्या धडधडाटात त्याचे कान बधीर झालेले.

मग सोजरबाई म्हणाली, "हितं रातकिडा कामून बोलायलाय दिवसा?"

सगळे तिच्याकडे वळले. ती पायापाशी ठेवलेल्या पिशवीकडे बघत होती. मिनल खाली वाकली, मेथीची जुडी उचलली... शिट्टी बंद झाली. जुडी दाबली... पुन्हा सुरू. पानं बाजूला केली तर आत, मातीत थोडंसं माखलेलं, मशीन.

मिरचीवाली म्हणाली, "मिळालं का, बाई?" मिनलनं मशीन उंच धरून दाखवलं. त्या कोपऱ्यातून "मिळालं, मिळालं" असं एकेकानं पुढं सांगितलं. सोजरबाईनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि तशीच बसून राहिली.

मिनलनं मशीन पुसलं, तपासलं, इंदूच्या कानात बसवलं. आणि लसूणवाल्यानं, काम झालं म्हणून, भोंगा पुन्हा चालू केला.

"लसूण घ्या, लसूण..."

इंदू दचकली. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. मग आईच्या खांद्यावरून पूर्ण वळून तिनं भोंगा शोधून काढला, त्याच्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "ऊण."

"काय म्हणायलीस, माय?" सोजरबाई उठून उभी राहिली.

"ऊण," इंदू म्हणाली. आणि एवढं कौतुक होतंय असं बघून आणखी एकदा, "ऊण."

लसूणवाल्यानं मूठभर लसूण तिच्या झबल्यात टाकला.

•

कोपऱ्यावरच्या टपरीवर रुपाली आणि सोजरबाई चहाला बसल्या. इंदू आजीच्या मांडीवर होती. टोपी पिशवीत, आणि दोरी पुन्हा झबल्याला अडकवलेली. गणराज मिनलजवळ येऊन उभा राहिला.

"तुम्ही फोन उचलला नाही."

"मुलगी बघायला गेलेल्या माणसाला कशाला त्रास द्यायचा?"

"नाही म्हणायला गेलो होतो." तो चपलेनं मातीत रेघ ओढत होता. "फोनवर नाही म्हटलं असतं तर आईला लागलं असतं. समोर बसून सांगावं लागतं असलं काही."

मिनलच्या छातीत काहीतरी सैल होत चाललं होतं, पण इतक्यात त्यावर विश्वास ठेवायला ती तयार नव्हती.

"आणि आईंना घेऊन का आलात?"

"आई म्हणाली, कुणापायी नाही म्हणतोस ते मला बघू दे आधी." त्यानं आता सरळ तिच्याकडे बघितलं. उशीची घडी नव्हती, बटणंही नीट होती, तरी तो पहिल्या दिवशीपेक्षा जास्त गोंधळलेला दिसत होता. "मला तुम्ही आवडता, मिनल. इंदूचं बघता म्हणून नाही. म्हणजे, तेही आहेच... पण ते नसतं तरी आवडल्या असतात. मला असलं बोलायची सवय नाही. तुम्हाला नको असेल तर तसं सांगा. इंदूच्या कामात मी मध्ये येणार नाही."

"वाक्यं फार लांब झाली," मिनल म्हणाली.

तो बघत राहिला.

"मलाही," ती म्हणाली. यावेळी ती हसली तेव्हा तिनं खाली बघितलं नाही.

टपरीवरून सोजरबाईनं हाक मारली. "ए पोरी, चहा निवायलाय." मिनल जाऊन तिच्याशेजारी बसली. म्हातारीनं तिला नीट न्याहाळलं, घाई न करता.

"मघा मला बोलली नाहीस काही. बोलली असतीस तरी चाललं असतं. माझा लेक बोलणार होता."

"तुम्हालाच तर ऐकू आलं, आजी."

"आजी म्हणू नगंस मला," सोजरबाई म्हणाली आणि बशीत चहा ओतला. "तुझ्या घरी कुणाशी बोलावं लागंल, ते सांग."

•

तिन्हीसांजेला मिनल चिंचवड गावठाणातल्या घरी आली. अण्णासाहेब, तिचे वडील, ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. आई गेल्यापासून बापलेकच घरात. अण्णासाहेब मुळात कमी बोलणारे, आणि गावात चार लोक काय म्हणतील याचा विचार आधी करणारे. बसमध्ये तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती. कंपनीत पर्मनंट आहे, माणसं चांगली आहेत, परभणीची आहेत, अण्णा, पण... सगळी उंबऱ्यावर आल्यावर विस्कटली.

"अण्णा, उद्या पाहुणे येतायत," ती एवढंच म्हणाली.

"कुठले?"

"परभणीकडचे. निघोज्यात राहतात. तो मुलगा... मी मागं सांगितलं होतं ना, ती लहान मुलगी, इंदू. तिचा काका."

अण्णासाहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा घातला. मिनल दाराची चौकट धरून उभी होती. समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली, कुणाची तरी गाडी गेली.

"तीन महिने झाले, तू त्या इंदूचंच सांगतीस जेवताना," ते म्हणाले. "तिच्या काकाचं बी तेवढंच सांगतीस. मला वाटलं, कधी तोंड उघडतीय कोण जाणे."

"अण्णा..."

"मटण चालतं का त्यांना? का माळकरी हायत?"

मिनल तिथंच पायरीवर बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू काही आवरत नव्हतं.

"ते विचारायचंच राहिलं," ती म्हणाली.

"मग विचार की," अण्णासाहेब म्हणाले. "आत्ताच फोन लाव. मला बाजार करायचा हाय."